सगळे रिपोर्ट नॉर्मल होते

माझ्या डोक्याचा एमआरआय नॉर्मल आला, त्या दिवशी हे पेढे घेऊन आले. हे म्हणजे माझे मिस्टर. चिकलठाण्याला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. एरवी फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी जिना चढतानाच त्यांचा आवाज आला, "आई, देवापुढं ठेव. काही निघालं नाही." आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पेढे देवापुढं ठेवले आणि त्यातला पहिला माझ्या हातावर दिला. मी तो तसाच धरून बसले. माझ्या मनात आलं, गाठ निघाली असती तर बरं झालं असतं.

हे मी कुणाला बोलले नाही. पण त्या क्षणी मी स्वतःलाच घाबरले. घरातली माणसं इतकी खुश, मुलगी दहावीला, आणि ही बाई मनातल्या मनात गाठीची वाट बघत बसलेली. गाठ निघाली असती तर माझ्या दुखण्याला नाव मिळालं असतं. लोकांनी विचारलं असतं आणि मला सांगता आलं असतं. आता सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सगळं नॉर्मल होतं आणि मी मात्र रोज थोडी थोडी बुडत होते.

मी सुवर्णा. गारखेड्यात राहते. घराच्या खालच्या खोलीत माझं ब्युटी पार्लर आहे. लिहिण्याची सवय नाही. जे ओळखायला मला आणि माझ्या घराला वर्ष लागलं, ते दुसऱ्या एखादीला थोडं लवकर ओळखू यावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

दुखणं कुठं आहे ते सांगता येईना

डिप्रेशन म्हणजे बाई कोपऱ्यात बसून रडते, अशी माझी समजूत होती. मी कोपऱ्यात बसले नव्हते. मी स्वयंपाक करत होते, पार्लर चालवत होते, ऋतुजाचा डबा भरत होते. माझं फक्त डोकं दुखायचं. मग मान, मग कंबर, मग पोटऱ्या. जेवण जाईना. आमटीला चव लागेना, लोणच्यालाही लागेना. तोंडात ओला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटायचं. ब्लाऊज सैल झाले तेव्हा गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, काय डाएट करता, आम्हालापण सांगा." मी हसायची. ते हसू चेहऱ्यावर आणायला इतकी ताकद लागायची की त्यांच्या पाठीमागं मी खुर्चीत मटकन बसायची.

थायरॉईड झालं, हिमोग्लोबिन झालं, सोनोग्राफी झाली. एका डॉक्टरांनी सांगितलं, पाळी जायचं वय जवळ आलंय, होतं असं, कॅल्शियम घ्या. घरात सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं.

पण काही गोष्टी पाळीच्या हिशेबात बसत नव्हत्या. दारावर भाजीवाला यायचा. गिलके घेऊ का दोडके, हे मला ठरवता यायचं नाही. मी नुसती गाड्याकडं बघत उभी राहायची. तो विचारायचा, "काय देऊ ताई?" आणि माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, जणू त्यानं परीक्षेतला प्रश्न विचारलाय. एकदा काहीच न घेता मी दार लावून घेतलं. ऋतुजानं डब्याचं झाकण उघडं ठेवलं म्हणून एकदा तिला मी असं काही बोलले की ती डबा न घेताच शाळेत गेली. आणि ती गेल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. आत काहीच हललं नाही. रागापेक्षा त्या न हलण्याची मला जास्त भीती वाटली.

सकाळ सगळ्यात वाईट. उजाडायच्या आधी डोळा उघडायचा आणि छातीवर कुणी पाय ठेवल्यासारखं व्हायचं. संध्याकाळपर्यंत थोडं हलकं वाटायचं. हे ड्युटीवरून घरी येईपर्यंत मी चार शब्द बोलण्याइतकी झालेली असायची. त्यामुळं त्यांना खरं वाटत नव्हतं, यात त्यांचाही दोष नाही. त्यांना दिसायची ती संध्याकाळची सुवर्णा.

गंगापूरला माहेर आहे. तिकडं आठवडाभर राहून बघितलं. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. "बघ, ठसका बी लागला नाय. लई जबर नजर हाय," ती म्हणाली. कुणाला तरी काहीतरी सापडलं, एवढ्यानंच मला अर्धा दिवस बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच पाय छातीवर होता. एसटीत बसवून देताना आई म्हणाली, "मन रमव गं कशात तरी." मी हो म्हणाले. मन नावाची वस्तू नेमकी कुठं ठेवलीय तेच मला आठवत नव्हतं, ते रमवणार कसं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी आणखी एक कटकट चालू होती. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी नशीब म्हणायचं. टाकी भरून ठेवायची आणि पुरवून वापरायची. पण आमची टाकी मध्येच रिकामी व्हायला लागली. प्लंबर आला, त्यानं पाइप बघितले, कॉक बदलला. गळती सापडली नाही. आत्याबाई शेजारच्यांवर संशय घ्यायला लागल्या. मी काही बोलले नाही.

एक भुवई

लग्नसराई होती. पूजा नावाची एक मुलगी तिच्या हळदीच्या दिवशी दुपारी पार्लरला आली. फेशियल आदल्या दिवशी झालं होतं, फक्त थ्रेडिंग राहिलं होतं. बाकावर शबाना बसली होती. शबाना जवळच्याच उर्दू शाळेत शिकवते, कित्येक वर्षांची माझी गिऱ्हाईक, आणि आता मैत्रीण.

पूजानं डोळे मिटले, बोटांनी पापणी ताणून धरली. मी दोरा दातात धरला आणि डावी भुवई केली. मग उजव्या बाजूला आले आणि हात थांबले.

दुखत नव्हते, थरथरतही नव्हते. ते मला ऐकत नव्हते, एवढंच. दोरा दातात, दोन्ही हात तिच्या कपाळावर अधांतरी, आणि मी तशीच उभी. पंख्याचा आवाज येत होता. पूजा डोळे मिटून वाट बघत होती. मी स्वतःला म्हणत होते, सुरू कर, सुरू कर. हे काम मी झोपेतसुद्धा करू शकले असते.

"काकू, झालं का?" तिनं विचारलं.

दातात दोरा होता म्हणून मला बोलता येईना, आणि दोरा सोडायचं सुचेना. तिनं डोळे उघडले. माझा चेहरा बघून ती घाबरली, मग तिनं आरशात स्वतःकडं बघितलं. एक भुवई कोरलेली, एक तशीच. तिचे डोळे भरून आले.

शबाना उठली. तिनं माझ्या दातातून दोरा काढून घेतला आणि मला बाकावर बसवलं. पूजाला म्हणाली, "रो मत बेटा. माझी स्कूटी बाहेर आहे. सूतगिरणी चौकात मी तुला दुसऱ्या पार्लरला नेते, पाच मिनिटात होतं. काकूंची तबियत ठीक नाही." ती तिला घेऊन गेली. मी उठले नाही. नवऱ्या मुलीला मी अर्धवट सोडलं, आणि मला त्याचंही काही वाटत नव्हतं.

शबाना परत आली तेव्हा मी त्याच जागी होते. तिनं दार लोटून घेतलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"भाभी, मी बघतेय ना. मागच्या वेळी तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. माझी आपा अशीच झाली होती. दुसरी मुलगी झाली तिला, तेव्हा. आम्ही म्हटलं, मुलगी झाली म्हणून नाराज आहे. अम्मी म्हणाली, असर झालाय, बाहेरचं काहीतरी. कुणी म्हणालं, नखरे करते. मग एक दिवस तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तूच सांभाळ आता. तो आवाज वेगळाच होता. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं."

"आता?"

"आता ठीक आहे. दोन्ही मुली कॉलेजात आहेत. फोनवर माझं डोकं खाते." ती माझ्याजवळ बाकावर बसली. "एक विचारते, खरं सांगा. जगावंसं वाटतंय का?"

वर्षभरात मला इतक्या लोकांनी इतकं काही विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. समोरच्या आरशात आम्ही दोघी दिसत होतो. मी आरशातल्या शबानाकडं बघून मान हलवली. नाही.

ती ओरडली नाही, असं बोलू नये म्हणाली नाही. फक्त माझा हात धरला.

"ह्यांना सांगू नका," मी म्हणाले. "माझी शपथ आहे तुम्हाला."

"शपथ घालू नका भाभी. मी मोडणार आहे."

घरातली संध्याकाळ

त्या दिवशी ह्यांची पहिली शिफ्ट होती. ते येईपर्यंत शबाना वर आमच्या घरी बसून राहिली. आत्याबाईंनी चहा दिला, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. हे आले आणि शबानानं सगळं सरळ सांगितलं. मी पलंगावर भिंतीकडं बघत बसले होते. माझ्याबद्दल बोलणं चाललंय असं वाटतच नव्हतं.

ह्यांचा चेहरा उतरत गेला आणि मग आवाज चढला. "आमच्या घरात काय चाललंय ते तुम्ही सांगणार? हिला कमी काय आहे? घर आहे, स्वतःचं पार्लर आहे. मी दारू पीत नाही, कधी हात उचलला नाही. विचारा तिला."

"भाऊ, तुम्ही चांगले आहात म्हणून तर तुम्हाला सांगतेय," शबाना म्हणाली. "चांगल्या घरात बीपी होतं ना? तसं हे पण होतं."

"आमच्यात असलं कुणाला नाय झालं," आत्याबाई म्हणाल्या. "वेड्याच्या डाक्टरकडं न्यायचं म्हंजी लोक काय म्हणतील? पोरीचं लगीन व्हायचंय पुढं."

ऋतुजा दारात उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "पप्पा, मम्मी रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून रडते."

आत्याबाईंनी तिच्याकडं वळून बघितलं.

"मला ऐकू येतं. नळ मोठा सोडते म्हणजे आपल्याला आवाज येऊ नये. पण माझी खोली शेजारी आहे. मी सांगणार होते, पण मला वाटलं, ती माझ्यामुळं रडते."

आत्याबाई खाली बसल्या. "म्हंजी ते पाणी," एवढंच म्हणाल्या. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या डोळ्यात भीती मी पहिल्यांदा बघितली. एक वर्षापासून मला वाटत होतं ते त्यांना आत्ता वाटायला लागलं होतं. मला त्यांची दया आली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं होतं.

निदान

दुसऱ्या दिवशी ह्यांनी रजा टाकली. मानसोपचाराच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या अलीकडं त्यांनी गाडी लावली. "तिकडं सावली नाही," म्हणाले. मला कारण कळत होतं. मी ओढणीनं तोंड बांधून घेतलं होतं, उन्हाचं निमित्त मलाही होतंच. आत बाकांवर नेहमीचीच माणसं होती. कंपनीचा शर्ट घातलेला एक जण, पुस्तक वाचणारी एक कॉलेजची मुलगी, नातवाचा हात धरलेली एक आजी. मी काय बघायची अपेक्षा केली होती कोण जाणे.

डॉक्टर मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या. झोप, भूक, काम, राग, सगळं विचारत गेल्या. मग विचारलं, "मरणाचे विचार येतात का?" आणि ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसलात तरी चालेल."

हे उठले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मला दोन्ही गोष्टींची भीती वाटत होती. हे बाहेर गेले तर मी खरं सांगेन, आणि मग ते पुन्हा कुणीतरी त्यांना सांगेल. हे इथं थांबले तर मी खोटं बोलेन आणि आम्ही दोघं औषधाची चिठ्ठी घेऊन घरी जाऊ. आणि घरी उद्याची पहाट होती.

"नका जाऊ," मी म्हणाले. "बसा."

मग मी सांगितलं. किती दिवसांपासून विचार येतात आणि ते कुठपर्यंत गेलेत, ते सगळं. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. लिहून कुणाचं भलं होणार नाही. बोलताना मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते. ह्यांच्याकडं बघितलं असतं तर थांबले असते. मी तेव्हा अगदी मनापासून मानत होते की मी नसले तर ह्या तिघांचं जास्त चांगलं चालेल. मला ते दुःखाचं वाटत नव्हतं, साध्या बेरजेसारखं वाटत होतं. हाच तो आजार, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर म्हणाल्या, "हे डिप्रेशन आहे, आणि बऱ्यापैकी वाढलेलं आहे. बरं होतं. पण आज मी तुम्हाला घरी पाठवणार नाही."

ह्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का?" डॉक्टर त्यांना काहीतरी समजावत होत्या. मला ऐकू आलं नाही. मी "बरं होतं" ह्या दोन शब्दांवर अडकले होते, आणि त्यांच्यावर माझा अजिबात विश्वास बसत नव्हता.

मंगळसूत्र

वॉर्डात नेण्याआधी सिस्टरनं माझी ओढणी, पिना, बांगड्या काढून घेतल्या. मग म्हणाली, "मंगळसूत्रपण."

आत्याबाई कपड्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. त्या मध्ये आल्या. "ते नाय काढायचं. बाळंतपणाला बी काढलं नव्हतं तिनं."

"आजी, नियम आहे. पेशंटच्या जिवासाठी आहे."

"जिवासाठीच घालत्यात ते."

हे खाली ॲडमिशनच्या खिडकीपाशी होते. मी त्या दोघींच्या मध्ये उभी, आणि मला फक्त आडवं व्हायचं होतं. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. माझ्या गळ्याकडं बघितलं, मग खिडकीच्या जाळीकडं बघितलं. नियम कशासाठी आहे ते त्यांना तेव्हा उमगलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्या माझ्या मागं आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मंगळसूत्र सोडलं. पदराच्या टोकाला बांधलं.

"माझ्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "तू घरी आली की मीच घालीन."

आम्हा दोघींचं कधी विशेष जमलेलं नव्हतं. भांडण नव्हतं, पण एका घरात दोन पाहुण्या असाव्यात तशा आम्ही राहायचो. ह्यांना सलग रजा मिळेना, ऋतुजाची शाळा, त्यामुळं माझ्याजवळ राहायला आत्याबाईच होत्या. बाथरूमला आतून कडी नव्हती. मी आत गेले की त्या दाराला पाठ लावून बाहेर बसायच्या आणि सारखं बोलत राहायच्या. शेजारच्या कॉटवरची बाई काय म्हणाली, कॅन्टीनवाल्यानं पोह्यात किती तेल घातलंय, काहीही. मध्ये थांबून विचारायच्या, "ऐकतीस ना?" मी "हूं" म्हणायची. "हूं" ऐकलं की पुढं बोलायच्या. त्यांना त्या वेळी किती भीती वाटत असेल, ते मला आता कळतं.

वॉर्डातला दिवस घंटेवर चालायचा. गोळ्या घेतल्यावर सिस्टर तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायची. सुरुवातीला ह्या गोळ्यांनी फायदा काहीच झाला नाही, त्रास मात्र झाला. तोंड सुकायचं, मळमळायचं, दिवसा पेंग यायची. मला वाटलं, हे औषधसुद्धा माझ्यावर चालणार नाही, मी अशीच राहणार. राउंडला मी डॉक्टरांना तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "असर व्हायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत तुम्ही विश्वास ठेवायची गरज नाही. फक्त गोळी घ्या, विश्वास आम्ही ठेवतो." हे वाक्य मला सोपं वाटलं. विश्वास ठेवायचं कामसुद्धा मला त्या वेळी झेपलं नसतं.

आत्याबाईंनी गल्लीत सगळ्यांना कावीळ सांगितली होती. त्यामुळं भेटायला येऊ का म्हणून फोन आले की त्या "नका येऊ, डाक्टरनं मनाई केलीय" म्हणायच्या. कुणीतरी घरी उसाचा रस पाठवला, कुणी मुळा पाठवला. ऋतुजा सांगायला लागली, "मम्मी, आपल्याकडं रोज मुळ्याची भाजी आहे." मला हसू आलं नाही. पण हे हसण्यासारखं आहे, एवढं मला समजलं.

आणि मग एका दुपारी, घरून आलेल्या डब्यातला पहिला घास खाऊन मी म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालंय."

आत्याबाईंचा हात थांबला. "काय म्हनली?"

"मीठ. खारट लागतंय."

त्या उठल्या आणि व्हरांड्यात जाऊन ह्यांना फोन लावला. जोरात बोलायची सवय, त्यामुळं मला आतपर्यंत ऐकू येत होतं. "अरे, तिला खारट लागलं. व्हय, खारट. भाजी खारट झाली म्हनली ती."

घरी

घरी आले म्हणजे बरी झाले, असं नव्हतं. दोन दिवस चांगले जायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा अंगावर ओलं पोतं पडल्यासारखं व्हायचं. हे कंपनीतून फोन करून विचारायचे, "गोळी घेतली का?" मला तो पहारा वाटायचा आणि मी चिडायची. ऋतुजा माझ्याकडं चोरून बघायची, मी पाच मिनिटं गप्प बसले तरी अभ्यास सोडून यायची. तिला एकदा जवळ घेऊन मी सांगितलं, "तुझ्यामुळं नव्हतं ते. मला आजार झालाय, जसा कुणालाही होतो." ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही सांगितलं?" मी म्हणाले, "मलाच माहीत नव्हतं." ह्यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडं नाही.

पार्लर उघडलं तेव्हा काही गिऱ्हाइकं फिरकली नाहीत. काही कावीळ उतरली का बघायला आली. पहिल्या दोघींना मी हो म्हणाले. तिसरीला म्हणाले, "कावीळ नव्हती. डिप्रेशन होतं." मग खुर्चीत पाठ टेकून, डोळे मिटूनच तिनं विचारलं, "त्यात झोप येत नाही का हो?" ती स्वतःबद्दल विचारत होती. त्यानंतर मी कावीळ म्हणाले नाही.

म्हणून सांगते. आपण बायका दुखतंय असं म्हणतो, कारण दुखण्याला औषध मिळतं आणि घरातले ऐकून घेतात. डोकं दुखतं, कंबर दुखते, थकवा आहे, चिडचिड होते, ह्यापलीकडं आपण जात नाही. पण आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, अंघोळ करणं डोंगराएवढं वाटायला लागलं, उजाडायच्या आधी जाग येते आणि दिवसाची भीती वाटते, आपल्याच लेकराबद्दल काही वाटेनासं झालं, आणि हे आठवड्यामागून आठवडे चाललंय, तर तपासण्या जरूर करा, पण तिथंच थांबू नका. मनाच्या डॉक्टरकडं जा. सरकारी दवाखान्यातही हा विभाग असतो. आणि आपण नसलो तर बाकीच्यांचं बरं होईल असा विचार आला, तर उद्यावर ढकलू नका. जो कुणी समोर आहे त्याला त्याच वेळी सांगा. आणि जिच्याबद्दल शंका येते, तिला सरळ विचारा. विचारल्यानं तिच्या मनात नसलेलं काही येत नाही. मला विचारलं गेलं म्हणून मी आहे.

मागचा महिना

डॉक्टरांनी ह्या वर्षी माझी गोळी हळूहळू कमी करायला घेतली. मी खुश होते. ऋतुजा आता बारावीला आहे. सगळं ठीक चाललं होतं.

मागच्या महिन्यात एका सकाळी अंधारातच जाग आली. छातीवर तेच ओझं. मी स्वतःला म्हटलं, उकाडा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राहिला, गिळवेना. ऋतुजानं काहीतरी विचारलं आणि मी खेकसले. तिनं मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. दोघींनाही कळलं होतं.

ह्यांची पहिली शिफ्ट होती. ते दारात बसून बूट घालत होते. कंपनीची बस कोपऱ्यावर यायची वेळ झाली होती. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होते. आता जाऊ दे, संध्याकाळी सांगू, असं मनात आलं. संध्याकाळी मला बरं वाटणार आणि मी सांगणार नाही, हेही मला माहीत होतं.

"अहो."

त्यांनी वर बघितलं.

"आज जाऊ नका. परत सुरू झालंय. मला एकटीला राहायचं नाही."

ते क्षणभर तसेच बसले, एक बूट पायात, एक हातात. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. त्यांनी पायातला बूट काढला, दोन्ही भिंतीला लावून ठेवले आणि खिशातून फोन काढला. लाइनवर त्यांचे सुपरवायझर होते.

"साहेब, आज येत नाही. बायको आजारी आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. कंपनीत त्यांनी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी चौकट घट्ट धरली.

"डिप्रेशन आहे तिला," हे म्हणाले. "हो. दवाखान्यात घेऊन चाललोय. उद्याचं उद्या कळवतो."

त्यांनी फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, "चहा ठेवू का आधी?"

मी हो म्हणाले.